हेडलीच्या वाटणीचे किडे

आमच्या बीस्टन गावच्या चर्चमागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी लढाया होतात. लांब टेबलांवर थर्माकोलच्या टेकड्या, टेकड्यांवर बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक, आणि भोवती पोट सुटलेली, चष्मे कपाळावर चढवलेली माणसं हातात फासे घेऊन उभी. बायका म्हणतात, म्हातारचळ लागलाय. म्हणू देत बापड्या. विल्फ ग्रेटोरेक्सला कुणी तोंडावर म्हटलं तरी तो नुसता हसायचा. सायकलच्या कारखान्यात हयात गेली त्याची, आणि त्या सगळ्या हयातीत त्यानं मनापासून दोनच गोष्टी केल्या: हेडलीशी दोस्ती आणि हेडलीशी लढाई.

हेडली टॉफ्ट पबांच्या पाट्या रंगवायचा. हातानं, ब्रशनं. नदीकडे जाताना एका पबवर त्याचा काळा हंस अजून आहे. लोक त्याच्याखाली बिअर पितात आणि एकदाही मान वर करत नाहीत. पण हॉलमध्ये हेडलीच्या सैन्याकडे सगळे मान वाकवून बघायचे. तांदळाएवढ्या डोळ्यात तो बुबुळ काढायचा आणि बुबुळात पांढरा ठिपका.

हा खेळ दूरच्या भविष्यातला, ताऱ्यांवरच्या युद्धाचा. एका बाजूला चिलखतातली माणसं, दुसऱ्या बाजूला अक्राळविक्राळ किडे. दर काही वर्षांनी नवा खोका निघतो, त्यात दोन्ही सैन्यं नव्यानं घडवलेली असतात. इथली जुनी रीत अशी, की दोन दोस्तांनी मिळून एक खोका घ्यायचा आणि वाटून घ्यायचा. विल्फला माणसं, हेडलीला किडे. विशीत ठरलं ते ठरलं, पुन्हा कधी बोलणं झालं नाही. हॉलचा नियमही या दोघांनीच घातलेला: ज्याचं सैन्य त्यानंच रंगवायचं. दुसऱ्याकडून रंगवून आणलेलं टेबलावर चढू द्यायचं नाही. आणि एक समज तर सगळ्यांचाच, की नव्यानं रंगवलेला गडी पहिल्या लढाईत सगळ्यांत आधी मरतो. तसं होतंच बहुधा.

मग हेडलीचा हात थरथरायला लागला. आधी म्हणाला ब्रश वाईट आहे. मग म्हणाला उजेड कमी पडतो. मग गुरुवारचं यायचाच थांबला. फोन केला तर म्हणायचा, वय झालं रे माझं, खेळ पुरे आता. विल्फ दुसऱ्यांशी खेळायचा. जिंकायचा, हरायचा, घरी यायचा. हरल्यावर हेडलीसारख्या शिव्या देणारं कुणी नव्हतं. त्या शिव्यांची त्याला इतकी सवय झाली होती, की त्यांच्यावाचून जिंकण्यात काही रामच उरला नाही.

अशात नवा खोका आला. विल्फनं पहिल्याच दिवशी आणला. आपली माणसं बघितलीही नाहीत त्यानं, आधी किडे काढले. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे पाय, पंख, जबडे. असे किडे आजवर निघाले नव्हते. हॉलमधली लॉर्ना, स्वभावानं चांगली पण जिभेला हाड नाही, म्हणाली की पडूनच राहणार असतील तर मला दे की ते किडे. विल्फ म्हणाला, त्यांना धनी आहे. लॉर्ना म्हणाली, धनी आहे खरा, पण येतो कुठे? विल्फनं किडे पुन्हा खोक्यात भरले.

तो किडे घेऊन हेडलीकडे गेला. हेडलीच्या बायकोनं, एनिडनं, दार उघडलं आणि त्याच्या हातातला खोका पाहून तिचा चेहराच उजळला. हेडलीही खुलला. चौकट उजेडाकडे धरून म्हणाला, बघ, जबड्यातला एकेक दात वेगळा कोरलाय लेकाच्यांनी. मग त्यानं कात्री घेतली आणि एक पाय सुटा करायला गेला. हात उडाला. पाय तळव्याशी मोडला, तुकडा गालिच्यावर पडला. हेडलीनं हात स्वेटरच्या खिशात घातला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "हात असलेल्या माणसाला दे."

इथं विल्फचं चुकलं. चांगल्या मनानं चुकलं, पण चुकलं. त्यानं घरी बसून ते सगळे किडे स्वतः रंगवले, हेडलीच्या रंगात. मळकट जांभळं अंग, पोटाच्या कडेला पिवळी रेघ, डोळ्यात पांढरा ठिपका. हॉलच्या कपाटात पडून राहिलेले हेडलीचे जुने किडे आणून समोर ठेवले आणि नक्कल केली. काम असं उतरलं, की त्याचं त्यालाच खरं वाटेना. आता हेडलीला नाही म्हणायला जागा नाही, असं म्हणत तो ऐटीत बसमध्ये चढला.

हेडलीनं एक किडा उचलला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"नियम कुणी घातला होता, विल्फ?"

"आपणच."

"मग मी जिवंत असताना माझं सैन्य रंगवायला तुला कुणी सांगितलं?"

एनिड चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. विल्फ चहा न घेता निघाला. बसमध्ये आधी त्याला राग आला, एवढं मर मर मरून हे फळ! मग थांबा जवळ आला तशी लाज वाटायला लागली. दोस्ताचा हात गेला, आणि आपण काय केलं, तर आपला हात त्याला दाखवून आलो.

घरी येऊन त्यानं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात डेटॉल ओतलं आणि सगळे किडे त्यात बुडवले. आमच्याकडे रंग उतरवायचा तर असाच उतरवतात. रंग मऊ पडला, की जुन्या टूथब्रशनं घासायचं. मोरीतून जांभळं पाणी वाहत होतं आणि त्याची सगळी मेहनत त्याबरोबर चालली होती. डोळ्यांत पाणी आलं ते वासानं, असं तो सांगतो. असेल.

पुन्हा तो हेडलीच्या दारात. डबा उघडताच हेडलीनं नाक फेंदारलं. "कोण पडलं? लागलं कुणाला?"

"मला," विल्फ म्हणाला. "हे घे. उघडेनागडे आहेत. वाकडे रंगव, नाहीतर रंगवू नकोस, पण तुझे तुझ्याकडे राहू देत. आणि एक सांगतो, मी काय तुझं रंगकाम बघायला येत होतो होय रे? मला गुरुवारी समोर तू लागतोस. तुझ्यावाचून करमत नाही मला."

हेडली हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. डबा मात्र ठेवून घेतला.

त्यानंतरचे गुरुवार विल्फ आपलं सैन्य मांडून बसायचा, समोरची खुर्ची मोकळी. दार वाजलं की मान वळायची. कधी सफाईवाला, कधी वारा. लॉर्नानं जीभ आवरली होती. ती पुदिन्याची चटणी घातलेल्या गरम वाटाण्यांची वाटी त्याच्यापुढे ठेवून गुपचूप जायची. वाटाणे गार व्हायचे.

आणि एका गुरुवारी एनिडच्या दंडाला धरून हेडली आला. कोटही न काढता टेबलापाशी आला, खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली, कापसातून एक किडा उचलून टेबलावर ठेवला. एकच. जांभळा रंग पायांवरून ओघळलेला, पिवळी रेघ पोट सोडून पाठीवर चढलेली, ठिपका डोळ्याच्या बाहेर. मोडलेला तळवा तिरका चिकटवलेला. हॉलमध्ये सगळे बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते.

"बघतोस काय? टाक फासे," हेडली म्हणाला.

विल्फच्या मनात आलं, फासे टाकताना हातचलाखी करून नेम मुद्दाम चुकवावा. पण एकदा दया दाखवून काय मिळालं ते त्याच्या लक्षात होतं. त्यानं फासे खरे टाकले. पहिल्याच गोळीत किडा आडवा. लढाई खलास.

हेडलीनं आधी किड्याकडे पाहिलं, मग विल्फकडे.

"हलकट मेल्या," तो गरजला, "एवढी मरमर करून रंगवलेला माझा गडी, तुला जरा दम धरवला नाही? तुझ्या सात पिढ्यांत कुणाला माणुसकी होती का रे?"

एकही फासा खाली पडलेला नव्हता. तरी विल्फ फासा शोधायला टेबलाखाली वाकला, आणि बराच वेळ वर आला नाही.