डॉक्टरांच्या लाल गाडीचा सायलेन्सर

इंजिन खोलून पुन्हा जोडलं की दोन-चार नट उरतातच. ते कुठले, हे गिऱ्हाइकानं विचारायचं नसतं! आमच्या केडगावच्या गॅरेजात असे उरलेले नट टाकायला तुपाचा एक रिकामा डबा होता. बघता बघता तो गच्च भरायचा. किस्स्यांचंही तसंच झालं. काम आटोपलं की चहा यायचा, कुणीतरी दिवसभरातलं काहीतरी सांगायचं आणि ते डब्यात पडायचं. आता म्हातारपणी डबा उपडा करून बसलोय, तर सगळ्यात जास्त किस्से निघतात ते एकाच गाडीचे.

आधी माणसं सांगतो. गॅरेजचे मालक हमीद उस्ताद. लष्कराच्या वर्कशॉपात रणगाडे दुरुस्त करून रिटायर झालेले, त्यामुळे स्कूटरसुद्धा ते रणगाडा समजूनच खोलायचे. नामदेव हा आमचा वायरमन, पारनेरकडचा. गाड्यांचे ब्रेकही तोच बघायचा, पण त्याच्या स्वतःच्या जिभेला ब्रेक नव्हता. मी सदाशिव, गॅस वेल्डिंगवाला. आणि चौथे मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर गायकवाड. म्हणायला गिऱ्हाईक, पण संध्याकाळच्या चहाला आमच्यात ते धरलेलेच असायचे.

* * *

डॉक्टरांची गाडी म्हणजे लाल रंगाची, दोन सीटची, जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार. बदली होऊन निघालेल्या एका मेजरकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. गाडी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर आणि डॉक्टर सहा फुटी! आत बसले की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे. उतरताना आधी एक पाय बाहेर, मग हॅट, मग एक हात, आणि मग उरलेले डॉक्टर.

पहिल्यांदा ते गॅरेजात आले तेव्हा नामदेव हातातला पाना विसरून नुसता बघत राहिला.

"काय बघतोस रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई, लोकं गाडीतनं उतरत्यात. तुमी तर गाडी अंगातनं काढता!"

उस्तादांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र इतके हसले की पुन्हा गाडीच्या दारावरच टेकले. त्या दिवसापासून त्यांचा चहा आमच्याकडे सुरू झाला.

* * *

दुष्काळाची वर्षं होती. जिकडेतिकडे रस्त्यांची कामं निघालेली, आणि अर्धवट रस्त्यांवर खडी पसरलेली. त्या बुटक्या गाडीचं पोट खडीवर घासायचं. सायलेन्सर आधी चेपला, मग गंजला, मग फुटला. आणि फुटल्यावर जो काही बोलायला लागला!

डॉक्टर रेल्वे फाटकापाशी असले की इकडे दवाखान्यात कळायचं. सिस्टर चादरी ताणायच्या, वॉर्डबॉय विडी विझवायचा, पथ्यावरचे पेशंट चोरून आणलेली भजी उशीखाली सारायचे. डॉक्टर आत पाऊल टाकेपर्यंत सगळं जागच्या जागी.

"आमचा स्टाफ किती शिस्तीचा आहे!" डॉक्टर आम्हाला कौतुकानं सांगायचे.

उस्ताद चहाच्या कपात बघत म्हणायचे, "स्टाफ न्हाई डाक्टरसाब, सायलेन्सर!"

* * *

तोच आवाज डॉक्टरांच्या घरीही पोचायचा. घर स्टेशनच्या रस्त्याला आतल्या बाजूला, पुढे छोटं अंगण आणि लोखंडी गेट. घरात माणसं दोनच, मूलबाळ नव्हतं. शांताबाई मिशनच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळं केडगाव त्यांना टीचरबाई म्हणायचं. मला तिसरीला त्याच होत्या.

गाडीचा आवाज आला की बाई हातातलं काम ठेवायच्या, पदर सारखा करायच्या आणि गेटशी येऊन उभ्या राहायच्या. गाडी आली की गेट उघडायच्या. डॉक्टर बसल्या जागेवरून हॅट काढायचे.

"आलात?"

"आलो."

बस्स, एवढंच. पण हे लग्न झाल्यापासून चाललेलं. डॉक्टरांकडे सायकल होती तेव्हा बाई घंटी ऐकून यायच्या. डॉक्टर एकदा आम्हाला म्हणाले, "दवाखान्यात दिवस कसाही जावो, गेटवर ती दिसली की मला वाटतं, आता घरी पोचलो."

एकदा काय झालं, प्लग साफ करून नामदेव गाडी घरी पोचवायला गेला. डॉक्टर दवाखान्यातच होते. बाई सवयीनं गेटवर आल्या, गेट उघडलं आणि म्हणाल्या, "आलात?"

नामदेव असा गडबडला की त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "आलो!"

बाई हसून हसून गेटला धरून उभ्या राहिल्या. नामदेवाला त्यांनी चहा पाजला, वर शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. पुढे कितीतरी दिवस तो गॅरेजात आला की आम्ही दोघं एका सुरात विचारायचो, "आलात?"

* * *

गाडीचा कापडी टप फाटला, तेव्हा उस्तादांनी रणगाड्याच्याच हिशेबानं जाड ताडपत्रीचा टप शिवून घेतला. वारा आत येईना. पण फुटक्या सायलेन्सरचा धूर फटीतून आत शिरला की तोही बाहेर जाईना! डॉक्टरांचे डोळे कायम लाल.

वाळकीकडच्या एका वस्तीवर एका आजोबांना ताप होता. डॉक्टरांना बोलावणं आलं. डॉक्टर गाडीतून उतरले ते डोळ्यांतून धारा लागलेल्या, रुमालानं नाक पुसत. दारातल्या बायकांनी ते पाहिलं मात्र!

"अगं बया! डाक्टरच रडत आल्यात, म्हंजी संपलंच की सगळं!"

झालं. एकीनं सूर लावला, बाकीच्यांनी तो उचलला. कुणीतरी पाहुण्यांना निरोप द्यायला सायकल काढली. डॉक्टर "अहो, ऐका, धूर, धूर" म्हणतायत, पण त्यांचं ऐकतो कोण! शेवटी आतून गोधडीखालून आजोबांचा आवाज आला, "आरं, मी हाय अजून! आधी त्यांना मला बघू तर द्या!"

आजोबा बरे झाले. डॉक्टर तिथून थेट गॅरेजात आले. "उस्ताद, सायलेन्सर बदला. जिवंत माणसावर रडारड होतेय माझ्यामुळे."

* * *

त्या गाडीचा सायलेन्सर नगरात कुठून मिळणार? पुण्यात विचारलं, मुंबईला विचारलं. शेवटी उस्तादांनी भंगारातून लष्करी जीपचा एक सायलेन्सर पैदा केला. तो लांबीला जास्त. मी कापला, जोडला, पुन्हा कापला, पुन्हा जोडला. उस्ताद गाडीखाली आडवे पडून ओरडायचे, "अजून जरासा!" आणि जरासा कापला की ओरडायचे, "आता कमी पडला!"

निघालेला जुना सायलेन्सर कडुनिंबावर गेला. हा आमच्या गॅरेजचा रिवाज. गाडीतून काढलेला कुठलाही पार्ट उस्ताद फेकू देत नसत. गिऱ्हाईक घेऊन गेलं तर ठीक, नाहीतर तारेनं बांधून दारातल्या कडुनिंबाला टांगायचा. फांद्या फांद्यांना क्लच प्लेटी, पंखे, डायनामो लोंबत असायचे.

"फेकायचं न्हाई," उस्ताद म्हणायचे. "गाडी कवा त्याची आठवण काढील, सांगता येत न्हाई."

एकदा झाडाखाली एक ट्रक बंद पडला. ड्रायव्हरनं चहा पिऊन पुन्हा स्टार्टर मारला तर चालू झाला. त्यानं झाडाला हात जोडले आणि बुंध्याशी नारळ फोडला. मग त्याचं बघून बाकीचे ट्रकवालेही फोडायला लागले. उस्ताद भडकले. "अरे, हा देव न्हाई, स्पेअर पार्ट हायेत!"

नामदेव खोबरं गोळा करत म्हणाला, "उस्ताद, जरा गप ऱ्हावा. चटणीची सोय होतीय!"

* * *

जीपचा सायलेन्सर बसला आणि लाल गाडीची वाचाच गेली. इतकी गुपचूप, की इंजिन चालू असताना डॉक्टर पुन्हा स्टार्टर मारायचे आणि गाडी कर्रर्र करून शिव्या घालायची.

रस्त्यातली कुत्री उठेनात. दवाखान्यात तर हाहाकार! डॉक्टर पहिल्याच दिवशी आवाज न होता वॉर्डात पोचले, तर वॉर्डबॉय पेशंटच्या खाटेवर झोपलेला आणि पेशंट त्याला पंख्यानं वारा घालतोय!

"हे काय?" डॉक्टर गरजले.

पेशंट म्हणाला, "हळू बोला साहेब, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

आम्ही पोट धरधरून हसलो. डॉक्टरही हसले. उस्ताद मिशीला पीळ देत म्हणाले, "माझं काम असंच असतं. बोलत न्हाई, चालतं."

* * *

पण नंतर डॉक्टर हसेनासे झाले. चहा यायचा आणि त्यांच्या हातातच थंड व्हायचा.

"घरी काई भांडान झालं का?" नामदेवानं विचारलं.

"नाही रे. शांता गेटवर येत नाही."

आम्हाला वाटलं, रुसल्या असतील. डॉक्टरांनी हातातला कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "गाडीला आवाज नाही, म्हणून मीच गेट उघडून आत गेलो. ती पाठमोरी भाजी चिरत होती. हाक मारली. वळली नाही. अगदी मागे उभा राहून हाक मारली. तरी वळली नाही."

उस्ताद स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"खांद्याला हात लावल्यावर दचकली. मग सगळं बोलली. कान केव्हापासून जात चाललेत तिचे. माणसांच्या ओठांकडे बघून भागवत होती. मला कळलंसुद्धा नाही. आख्ख्या तालुक्याचे कान बघतो मी!" त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "म्हणाली, तुमची गाडी तेवढी ऐकू यायची. ती ऐकू येतेय तोवर मला वाटायचं, अजून सगळं गेलेलं नाही. आता म्हणते, गाडीही गेली. तिला वाटतंय, तिचे कानच पुरते गेले. सायलेन्सर बदलला हे मी दहादा सांगितलं, लिहून दाखवलं. तिला वाटतं, मी समजूत काढतोय."

नामदेवानं तोंड फिरवून उगाच एक वायर सोलायला घेतली. मला तिसरीचा वर्ग आठवला. मागच्या बाकावरची कुजबूज बाईंना बरोबर ऐकू जायची आणि आमचे कान लाल व्हायचे.

उस्ताद उठले, कडुनिंबाखाली गेले आणि वर बघत म्हणाले, "नामदेव, शिडी आण."

* * *

आयुष्यभर मी भोकं बुजवली. त्या दिवशी पहिल्यांदा उस्ताद म्हणाले, "पुढची बुजव, म्हंजी धूर आत यायचा न्हाई. मागची राहू दे, आवाजाला." जीपचा सायलेन्सर निघाला, जुना परत बसला. पण पुढची भोकं बुजवल्यावर आवाज निम्म्यावर आला. बाईंपर्यंत तो पोचतो की नाही, हे कळणार कसं? विचारलं तर त्या आमचं मन राखायला हो म्हणाल्या असत्या.

मग असं ठरलं. गेटची बिजागरी ढिली झालीय, या निमित्तानं मी दुपारनंतर त्यांच्याकडे जाऊन बसायचं. डॉक्टरांनी दवाखान्यातून निघायचं. मी मान हलवून नाही म्हटलं तर घराशी न थांबता सरळ पुढे जायचं, गॅरेजात. ऐकू न येता गाडी दारात दिसली असती, तर बाई आणखीच खचल्या असत्या.

पहिल्या दिवशी मला फाटकापासून गाडी ऐकू आली. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर झाली नाही. मी मान हलवली. डॉक्टर हॅटला हात लावायला गेले होते, तो हात तसाच खाली घेऊन पुढे निघून गेले. बाईंनी गाडी पाहिलीसुद्धा नाही.

उस्तादांनी छिन्नी घेऊन आणखी एक भोक पाडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आणखी एक भोक. नामदेव म्हणाला, "आता सायलेन्सर कमी आन्‌ भोकंच जास्त झाली." पण त्याच्या बोलण्यात रोजचा खट्याळपणा नव्हता.

त्यानंतरच्या दिवशी मी पुन्हा त्याच बिजागरीपुढे बसलो होतो. बाई म्हणाल्या, "सदाशिव, इतकी का रे ती बिजागरी अवघड?" मी त्यांच्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "गंजलीय, बाई." त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या.

तेवढ्यात लांब फाटकापाशी गाडी बोलली. रस्ता अजून मोकळाच होता.

बाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी मान वर केली. जरा वेळ तशाच बसून राहिल्या, मग सूप बाजूला ठेवलं, उठल्या, पदर सारखा केला आणि गेटशी आल्या.

"सदाशिव, सरक बाजूला. ते आले."

मी सरकलो. मान हलवायचं कामच उरलं नाही. गाडी वळणावरून आली, तशी बाईंनी स्वतःच्या हातानं गेट उघडलं. डॉक्टरांनी हॅट काढली.

"आलात?"

डॉक्टरांच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वाकून पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सदाशिव, तुमच्या उस्तादांना सांग. धूर अजून आत येतोय."