वेळेवर हसणारे काका

अंधेरीत मॉडेल व्हायला रोज शेकडो जण येतात, पण त्यांतला डबा, छत्री आणि हजेरीची वही घेऊन येणारा माणूस एकच आणि तो माझ्या मावशीचा नवरा, हे मी छातीठोकपणे सांगतो.

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. तीस वर्षं गेटवर बसून त्यांनी दोनच कामं केली, घड्याळ बघणं आणि न हसणं. 'गेटवरचा माणूस हसला की बाकीचे दहा मिनिटं उशिरा येतात,' हा त्यांचा सिद्धान्त. रिटायर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी आरशासमोर उभे राहून मावशीला म्हणाले, "उंची आहे, केस आहेत, नाक आहे. टीव्हीवरच्या एका तरी आजोबाला धड उभं राहता येतं का? मी मॉडेल होणार."

"व्हा," मावशी म्हणाली. "येताना कोथिंबीर आणा."

मीही तेव्हा देवगडहून भांडुपला मावशीकडे आलो होतो, मॉडेल व्हायलाच. माझा अनुभव म्हणजे शाळेत हेडसरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करून खाल्लेला मार. मला वाटलं, काकांना मी अंधेरी दाखवणार. पण पहिल्याच ऑडिशनला दहाची वेळ होती आणि काका मला घेऊन नऊ चाळीसला हजर. दारात कुत्रा सोडून कुणी नाही. मग जशी पोरं आली तशी काकांनी त्यांना रांगेत उभं केलं, वहीत नाव आणि वेळ लिहिली, जिममधून आलेल्या दोन पैलवानांना लेट मार्क दिला. ते चक्क 'सॉरी अंकल' म्हणाले. शेवटी कास्टिंगवाला उगवला, तर काका त्यालाही सोडेनात. "साहेब, तुम्ही अकरा वाजून वीस मिनिटांनी आलात. इथे सही करा." त्याने केली.

घोडं अडायचं ते हसण्यापाशी. समोरून बघा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, इथपर्यंत काका झकास. मग आवाज यायचा, "अंकल, थोडा हँसिए ना." काका हसायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, यांची दाढ काढतायत. पाच महिने हेच. परतीच्या बसमध्ये मात्र मान ताठ. "हसू सोडून बाकी शंभर टक्के होतं." एकदा बेसिनच्या आरशात दोन बोटांनी ओठांची टोकं वर ओढून धरलेले दिसले. मी दिसताच म्हणाले, "दात बघतोय."

मग गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. हवेत ते खळखळून हसणारे आजोबा. "हे नाही झालं तर वही बंद," काका जाताना म्हणाले. बसमध्ये त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

कास्टिंगवाला तोच, सहीवाला. हसा म्हणाला. दाढ. पुन्हा हसा. पुन्हा दाढ. तो पुढच्या माणसाला हाक मारणार, एवढ्यात मी कॅमेऱ्यामागे उभा राहून मान ताणली, मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि काकांच्या आवाजात म्हटलं, "साहेब, तुम्ही अकरा वाजून वीस मिनिटांनी आलात." रांगेतली पोरं फुटली. कास्टिंगवालाही हसला. काका माझ्याकडे डोळे वटारून थेट गावच्या मालवणीत म्हणाले, "मी असो बोलतंय काय रे, मेल्या?" आणि मग आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग तीस वर्षं गेटवर अडवून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कॅमेरा चालूच होता.

मुलुंडच्या वाटेवर हायवेला महिनाभर काकांचं होर्डिंग होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून रोज नऊला त्याच्याखाली उभे राहायचे. कुणीही ओळखलं नाही. वरचा माणूस हसत होता ना. महिन्याने तिथे फ्लॅटची जाहिरात लागली. "महिन्याचं होतं, महिन्याला उतरलं. शिस्त आहे," काका म्हणाले आणि त्या रस्त्याने जायचे बंद झाले.

ऑडिशन्स अजून चालू आहेत. मला अजून एकही काम मिळालेलं नाही, ते जाऊ दे. पण रोज संध्याकाळी सात वाजले की काका खुर्ची सरळ करून बसतात. "चल, प्रॅक्टिस. माझी नक्कल कर. पाचच मिनिटं." मी करतो. ते हसतात. आणि मावशी, जिने होर्डिंग बघायला यायलाही कंटाळा केला होता, ती तेवढ्यापुरती गॅस बारीक करून किचनच्या दारात येऊन उभी राहते.