टाळी मागून वाजवायची

शनिवारी संध्याकाळी आम्ही पार्कात गेलो होतो, तिथलं सांगायचंय. इथं परदेशात, आमच्या आयसेलिन गावाजवळ उन्हाळ्यात फुकट बँडचा कार्यक्रम असतो... लोक घरून खुर्च्या आणतात आणि गवतावर बसतात. मी काही जाणार नव्हते, वरच्या मजल्यावरच्या देशमुखकाकूंनी ओढत नेलं.

मला सध्या कुठंच जावंसं वाटत नाही. आमची ओवी दीड वर्षाची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. हाक मारली तर कधी बघते, कधी नाही. डॉक्टरांनी कानाची टेस्ट सांगितलीय, ती या मंगळवारी आहे.

तेव्हापासून दिवसभर मी तिच्या मागे उभी राहून ताटावर पळी वाजवायचे, ऐकू येतं का बघायला. वळली की जीवात जीव यायचा, नाही वळली की रडू यायचं. सासूबाई रोज फोनवर विचारतात, बोलायला लागली का. हे हॉटेलच्या किचनमधून दमून येतात, त्यांना तरी किती सांगणार.

काकूंकडं वर आवाज जायचा. एक दिवस खाली येऊन म्हणाल्या, "काय गं, तुझ्याकडं रोज कसली आरती चाललीय?" मी दारातच रडले आणि सगळं सांगून टाकलं.

काकू तीस-पस्तीस वर्षं इथं आहेत. रिटायर झाल्यावर सीनियर सेंटरमध्ये स्विंगचा, म्हणजे इथल्या जुन्या बँडवरचा नाच शिकायला लागल्या... अंगात पंजाबी ड्रेस, पायात पांढरे शूज. मला आधी हसू यायचं. आता नाही येत.

कारण तो बँड ऐकला ना मी... ट्रंपेट, सॅक्सोफोन, मोठा ड्रम, आपल्या लग्नातल्या बँडसारखंच सगळं. पण वाजवायला लागले आणि अंगावर काटा आला. एवढी माणसं एकदम, एका दमात. आणि चाल सरळ जात नाही, जरा मागं रेंगाळते आणि मग पटकन पुढं येते... झोक्यावर बसल्यासारखं.

मी नववीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं काही कळत नाही. पण शाळेत लेझीमला मी पहिल्या रांगेत असायचे. पाय आपोआप हलायला लागले.

सगळे टाळ्या वाजवत होते, ओवीला मांडीवर घेऊन मीपण वाजवायला लागले. आपण भजनाला वाजवतो तशी, बरोबर पहिल्या ठोक्यावर. बघते तर माझी टाळी एकटीच, आणि बाकी सगळ्यांची माझ्यानंतर. मला वाटलं यांचंच चुकतंय. काकू म्हणाल्या, "अगं, देवळात नाही आलीस तू. इथं टाळी मागून वाजवायची."

शेजारी त्यांची नाचातली मैत्रीण बसली होती, मिस लोरेन. ऐंशीच्या पुढच्या काळ्या आजी, डोक्यावर जांभळी हॅट. त्यांनी हसत माझं मनगट धरलं. पहिल्या ठोक्याला धरून ठेवलं, दुसऱ्याला सोडलं. "वेट, बेबी... नाऊ."

मधे बँडवाले पाणी प्यायला थांबले. तेव्हा आजी बोलत होत्या आणि काकू मला मराठीत सांगत होत्या. हे स्विंग त्यांच्या लोकांनी, काळ्या लोकांनी उभं केलं. त्यांच्या आईवडलांच्या तरुणपणी देशात कामधंदा नव्हता, लोक भाकरीसाठी रांगेत उभे राहायचे. तरी आईवडील हार्लेम नावाच्या काळ्या लोकांच्या वस्तीत मोठ्या हॉलमध्ये नाचायला जायचे... तिथंच दोघांची ओळख झाली.

मग रेडिओवरून ते घराघरांत गेलं. गोरी पोरंपण वेडी झाली, देशभर तेच वाजायला लागलं. आणि कितीतरी ठिकाणी हेच काळे वादक वाजवायचे, पण त्यांना पुढच्या दारानं आत घ्यायचे नाहीत. मी विचारलं, मग राग नाही आला? आजी म्हणाल्या, आला की, तोपण त्यात वाजतोय, नीट ऐक.

एवढं सोसून माणसं असलं वाजवू शकतात...

बँड परत सुरू झाला. ओवी गर्दीला घाबरून माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती, तिला कुणी दिसत नव्हतं. माझे दोन्ही हात तिच्याभोवती, म्हणून टाळी बंद. आणि माझ्या पाठीवर काहीतरी लागलं... तिचा तळहात. थांबून, टप. थांबून, टप.

मला वाटलं मी हलतेय म्हणून असेल. मी दगडासारखी बसले. तरी टप. मग वाटलं, मोठा ड्रम आहे, त्याचा दणका जाणवत असेल पोरीला.

तेवढ्यात सगळे वाजवायचे थांबले. ड्रमपण थांबला, लोकांच्या टाळ्यापण. एक म्हातारा उठून एकटाच क्लॅरिनेट वाजवायला लागला, अगदी हळू... मी श्वास धरून बसले.

टप... टप... पोरीचा हात थांबला नाही. आणि बरोबर मागून. आईसारखी चुकली नाही.

मी काकूंचा हात ओढून माझ्या पाठीवर ठेवला. मिस लोरेन वाकून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "शी हिअर्स इट, ममा." एवढं इंग्लिश मला कळतं.

टेस्ट तर करणारच आहे. ती का बोलत नाही हे डॉक्टरच सांगतील आणि भीती काही गेलेली नाही. पण शनिवारपासून ताटावर पळी वाजवली नाही. फोनवर तो बँड लावते, पोरीला कडेवर घेते आणि पाठ तिच्या हाताखाली ठेवते...

ज्यांना पुढच्या दारानं आत घेतलं नाही त्यांचं गाणं माझ्या घरात आलंय. त्या सगळ्यांना माझा नमस्कार.