भट्टीवरचं पाणी

१२ मे. पावसाळ्यासाठी आणलेले खारवलेले सुके बोंबील मी उन्हातून काढून डब्यात भरत होते. यंदा डबा लहानच घेतला होता, कारण नवऱ्याच्या ताटात त्यातलं काही पडणार नव्हतं. गेल्या वर्षी तो कामावर चक्कर येऊन पडला, तेव्हापासून त्याचं जेवण मी जवळजवळ अळणी करत होते. तरी रक्तदाब उतरत नव्हता.

सकाळीच खोपोलीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "दाबानं किडन्या खराब व्हायला लागल्यात."

शेजारीण सांगते ते कमी सोडियमचं मीठ आणू का, रोज केळं, शहाळं देऊ का, असं मी विचारलं.

"त्यात पोटॅशियम असतं. सोडियम दाब वाढवतं, पोटॅशियम तो उतरवायला मदत करतं. किडन्या धड असत्या तर मीच द्या म्हटलं असतं. आता ते नीट बाहेर पडणार नाही. रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. यांना फक्त गोळ्या आणि मीठ कमी, एवढंच उरलंय. मीठ कमीच आहे ना, ताई?"

मी हो म्हणाले. नवरा वरच्या पंख्याकडे बघत होता.

बोंबलांचा डबा लावून त्याची कामावरची बाटली धुवायला घेतली. एरवी तो स्वतःच धुतो, आज रजा टाकून झोपला होता. झाकणाच्या आट्यांत काहीतरी पांढरं धरलं होतं. बोट लावून चाखलं. मीठ होतं.

त्याला उठवलं आणि बाटली पुढे धरली.

"ते जेवणातलं मीठ थोडंच हाय," तो म्हणाला. "भट्टीवरचं पाणी हाय ते."

साजगावच्या कारखान्यात भट्टीजवळ मीठ-लिंबाच्या पाण्याचं पिंप असतं. घाम गाळणाऱ्यांनी ते प्यायचं. यानंही अर्धं आयुष्य तेच प्यायलं होतं.

"भट्टी सुटली तुमची. आता गेटवर पंख्याखाली बसता. घाम कुठं येतो तुम्हाला?"

"समदी पितात गं. साधं पाणी घशाखाली उतरत नाय. आणि लिंबू पण असतं त्यात."

"लिंबाला कोण काय बोललं? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंड का नाही उघडलं?"

"त्यांनी जेवणाचं इचारलं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबात ते पाणीच होतं. मी वर्षभर भाजी अळणी केली, आणि तो रोज बाटली भरून मीठ प्यायला. किडन्यांचं जे झालं ते आता मागे फिरणार नव्हतं. उरलं तेवढं राखायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत साधं पाणी भरलं आणि त्याच्याबरोबर गेटपर्यंत गेले. त्याच्या जोडीदारांना सगळ्यांदेखत सांगितलं, पिंपातलं पाणी यांना द्यायचं नाही, मागितलं तरी. एक जण हसला. मी किडन्यांचं सांगितल्यावर त्यानंच आधी हो म्हटलं. नवऱ्यानं मान खाली घालून बाटली घेतली. परत आले आणि घरात खारं काही नकोच म्हणून बोंबलांचा डबा जावेकडे देऊन टाकला.