सासूबाईंच्या हातची अर्धी गोळी

पौषातल्या वद्य पंचमीला सकाळी तिसगावहून निरोप आला, सासूबाई गेल्या. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. त्या वेळी तिथे मी, माझा मदतनीस आणि काट्यावर उभ्या असलेल्या उसाच्या गाडीचा गाडीवान असे तिघे होतो. मदतनीस म्हणाला, “भाऊसाहेब, तुमी निघा. मी बघतो हितलं.” तरी रांगेतल्या चार गाड्यांची वजने घेऊन मगच मी उठलो. माणूस कामाला किती पक्का, असे दोघांना वाटले असेल. खरे म्हणजे एकदम उठलो असतो तर मला रडू आले असते, आणि रडलो असतो तर हा एवढा का रडतो, असे कुणीतरी विचारले असते... सासूसाठी जावई एवढा रडत नाही.

सासूबाईंचे नाव भागीरथीबाई. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र शेतापलीकडे जाणारा. आमच्याकडे देवळालीला आल्या तरी माझ्यासमोर बसत नसत. दाराआडून बोलत. सुमनने, म्हणजे माझ्या पत्नीने, चेष्टा केली तर म्हणत, “जावई आन् हिरीचा काठ, लांबूनच बरा.”

दोन वर्षांपूर्वी मला उदासीचे दुखणे झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनी मला गुण आला, हे आधीच सांगतो. पण आमच्या भागात डोक्याच्या गोळ्या म्हणजे वेडाच्या गोळ्या. ज्याच्या आकड्यावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उसाची किंमत ठरते, त्याचेच डोके ठिकाणावर नाही, अशी कुजबुज झाली असती तर मला त्या जागेवर कुणी ठेवले नसते. म्हणून ही गोष्ट सुमन आणि मी, दोघांतच होती. गेल्या आषाढात मला चांगले वाटू लागले. गाळपाच्या हंगामाच्या आत यातून मोकळे व्हावे, असा हिशेब करून मी डॉक्टरांना न विचारता एका सकाळी सगळ्या गोळ्या बंद केल्या.

तिसऱ्या दिवसापासून हाल सुरू झाले. मळमळ, घाम, झोपेत भलतीसलती स्वप्ने. मान वळवली की विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लागावा तसा डोक्यात झटका बसे. कारण नसताना रडू येई. दुखणे उलटले, आता जन्मभर हेच, असे मी धरून चाललो.

नेमक्या त्याच दिवसांत सासूबाई आल्या. तिसगावकडे पाऊस नव्हता, विहिरी आटल्या होत्या. आमच्याकडे निदान कालव्याचे पाणी होते. त्यांना आम्ही पित्त झाल्याचे सांगितले. दोन दिवस त्यांनी दाराआडून पाहिले. मग दुपारी सरळ येऊन माझ्यासमोर बसल्या. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण असे कधी घडले नव्हते.

“जावईबापू, काय खात हुता आन् काय सोडलं?”

सुमन म्हणाली, “आई, पित्त आहे गं.”

“गप बस. पित्तानं मानूस असा दचकत न्हाई. ह्ये सवय तोडल्याचं हाय. एकदम तोडली ना?”

मी कबूल केले. तुम्हाला कसे कळले, असे विचारले. त्या पदराचे टोक पिळत म्हणाल्या,

“खडी फोडाया जायचो तवा लेकरांला अफू चारायचो. लेकरू रडलं की मुकादम हाकलायचा. बाजरीच्या दान्याएवढी दिली की दिसभर सावलीला निजायचं.”

“मलाही?” सुमनने विचारले.

“तुलाबी. पन तुझी मी हळूहळू तोडली. बाजरीएवढ्याची मोहरीएवढी, मंग नुसतं बोट लावायचं. तुझ्या आदीच्या पोराची एका दिसात तोडली हुती. असाच दचकायचा. घामानं भिजायचा. आट दिसांत गेला.”

तो भाऊ दृष्ट लागून गेला, असे सुमनने जन्मभर ऐकले होते. ती उठली आणि आत गेली. सासूबाईंनी तिला हाक मारली नाही. मलाच म्हणाल्या, “तुमी डाक्टरला इचारा. पन एकदम तोडू नगा.”

मी पुण्याला गेलो. डॉक्टर माझ्यावर रागावले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि सावकाश कमी करण्याचा क्रम लिहून दिला. दोन दिवसांत झटके थांबले. म्हणजे दुखणे उलटले नव्हते. पुढे गोळी अर्धी करायची वेळ आली. मी सुरी लावली की गोळीचा भुगा होई. सासूबाई आपल्या सुपारीच्या अडकित्त्याने ती नेमकी दोन करून देत. प्रत्येक वेळी प्रमाण उतरवले की चार-सहा दिवस वाईट जात. अशाच एका दिवशी मी ताट सरकवून ओरडलो, “तिकडे दुष्काळ पडला म्हणून इथे फुकट खायला आलात!” त्यांनी ताट पुन्हा माझ्यापुढे ओढले. “ह्ये तुमी न्हाई बोलत. काल जी अर्धी कमी केली, ती बोलतीया. जेवा.”

त्या वाक्यावर मी जेवलो. माफी मात्र मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सुमन आईशी कामापुरतेच बोलत होती. तिला काय सांगावे, मला कळत नव्हते. माझ्यासाठी त्यांनी लेक गमावली, असे मला वाटे आणि मान वर होत नसे. दिवाळीला, अभ्यंगाच्या पहाटे, सुमनने आईला पाटावर बसवले आणि तिच्या पाठीला तेल लावले. तिचा हात बराच वेळ चालू होता. त्याच आठवड्यात माझी शेवटची अर्धी गोळी संपली. भाऊबीज झाल्यावर सासूबाई तिसगावच्या एस.टी.त बसल्या. पुढे अडीच महिन्यांतच त्या गेल्या.

हा लेख मी पहिल्यांदा लिहिला तो वेगळा होता. सासूबाईंचे सगळे त्यात होते: खडी, अफू, गेलेले मूल. माझ्या जागी “घरातील एक आजारी नातेवाईक” असे लिहिले होते. तिसगावला त्यांच्या चुलीपाशी बसून सुमनने तो वाचला. त्या घरात अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे. कागद खाली ठेवून ती म्हणाली, “आईचं लिहा. तिनं जिथं सांगायचं तिथं सांगितलं, आता लोकांनाही कळू दे. पण हा नातेवाईक कोण हो?”

मी कागद उचलून हातात घेतला.

“तिनं लेकीसमोर, जावयासमोर स्वतःला उघडं केलं. आता मेल्यावर तिला एकटीलाच उघडं पाडता?”

मी ते शब्द खोडले आणि तिथे “मी” लिहिले. आमच्याकडे हंगाम अजून दीड महिना चालेल. हा लेख छापलेला अंक गावात येईल त्या सकाळीही मी काट्यावरच असेन.