चौथं वचन

आमी गिरणीतली ख्रिस्ती मंडळी पाळीपाळीनं एकमेकाच्या घरी प्रार्थनेला जमायचो. शास्त्राचं पुस्तक हातोहात फिरायचं आन् ज्येनं त्येनं एकेक वचन वाचायचं. मग आमच्या घरची पाळी आली. मला वाचता येत न्हाय, हे फकस्त बायकोला ठावं. तिनं मला चौथ्या जागंवर बसवायचं ठरवलं आन् त्या दिवशीच्या अध्यायातलं चौथं वचन आठ दिवस माझ्याकडनं घोकून घेतलं.

ऐन वेळी मिशनच्या साळंतले मास्तर आले. "मास्तर, हितं बसा की," म्हणून मीच शहाण्यानं सरकून त्यांना माझी जागा दिली. चौथं वचन त्यांनी वाचलं. मग मी पुस्तकात डोळं घालून तेच वचन खणखणीत म्हणलं.

बायकोनं तोंडावर पदर घेतला.

माझ्या शेजारच्या म्हातारीनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "मला बी वाचता येत न्हाय रं लेकरा. तू म्हणलास तेच म्हणते," म्हणाली आन् हात जोडून म्हणाया लागली. मधीच ती अडली. तवा पुढचा शबूद मी हळूच सांगितला.