मामीची गाडी आणि सर्वांना बसणारा अडॅप्टर

आमचा मामा एकतीस वर्षं बुटांच्या दुकानात नोकरी करतो. त्याच्यासमोरून कुणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही. लंगडत मात्र बरेच गेले. बूट घट्ट झाला की तो पुढचा भाग अंगठ्याने दाबून बघतो आणि म्हणतो, "चार दिवस चावेल, मग सवय होईल." सैल झाला की म्हणतो, "संध्याकाळी पाय सुजतात, तेव्हा बरोबर बसेल." एकदा त्याने एका बाईंना दोन्ही डाव्या पायाचे बूट विकले. त्या तक्रार घेऊन आल्या, तर त्यांना मोजे विकले.

मामी तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवते. पाण्यात ती कुणाला ऐकत नाही, पण जमिनीवर वीस पावलं टाकली की खुबा धरून उभी राहते. म्हणून तिने विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. सकाळी सहाची तुकडी तिची. एकदा उशीर झाला तेव्हा तलावाच्या व्यवस्थापकाने स्पष्टच सांगितलं होतं, की पुन्हा असं झालं तर तुकडी दुसऱ्याकडे. तुकडी गेली असती तर मामी घरी बसली असती, आणि घरी बसलेली मामी मला तरी बघवली नसती.

त्यात गाडी चार्ज करायचा कंपनीचा अडॅप्टर मामाच्या हातून पडून फुटला. नवा यायला आठवडा लागणार होता. मामाला कुठला धीर! शनिवारी तो छत्र्या आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडून दुसरा अडॅप्टर घेऊन आला. खोक्यावर ना कुणाचं नाव, ना पत्ता. नुसतं लिहिलं होतं, 'सर्व गाड्यांना बसतो'. जन्मभर मापाचा धंदा केलेल्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती.

रविवारी दुपारी तो बुटकं स्टूल घेऊन गाडीसमोर बसला. अडॅप्टर सॉकेटात जाईना. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं. मग अंगाला लावायची पावडर टाकली. मग घरात जाऊन बूट चढवायची पट्टी घेऊन आला.

"मामा, ती गाडी आहे, गिऱ्हाईक नाही," मी म्हणाले.

"तू गप्प बस गं. नवीन आहे म्हणून जरा अडतंय."

खट्ट आवाज झाला आणि अडॅप्टर आत गेला. मामाने गाडीचं बॉनेट थोपटलं आणि विचारलं, "कुठे टोचत नाही ना?" गाडीने तक्रार केली नाही.

दहा मिनिटांनी मामीने अडॅप्टरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, हा भाजतोय. काढा बरं आधी."

"पहिल्या दिवशी चावणारच."

अर्ध्या तासात प्लास्टिक जळाल्याचा वास आला, मग धूर. मामी ओरडली, मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. अडॅप्टर वितळून सॉकेटात घट्ट चिकटला होता. आम्ही केबल कापली, तरी गाडीला वाटत होतं की चार्जिंग चालूच आहे, त्यामुळे ती जागची हलेना.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने टॉर्च मारून सॉकेटात पाहिलं.

"ही पावडर कसली?"

मामाने पावडरचा डबा पायाने स्टुलाखाली सरकवला.

"चांगला अडॅप्टर तापला की वीज आपोआप तुटते," तो म्हणाला. "यात ती सोयच नाही. घर पेटलं नाही हे नशीब समजा. सॉकेट बदलायला तीन आठवडे लागतील. आणि बाहेरचा अडॅप्टर लावलात, तेव्हा वॉरंटी विसरा."

तो गेल्यावर मामी गाडीत जाऊन बसली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मला मामाचा असा राग आला होता, की त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो खिडकीशी वाकून म्हणाला, "अगं, चार दिवस त्रास होईल, मग..." मामीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला रस्त्यावर खडखडाट झाला. दुकानातली खोकी वाहायची ट्रॉली मामा ढकलत होता आणि तिच्यावर मामी बसली होती, गळ्यात टॉवेल, तोंडात शिट्टी. तलाव तीन किलोमीटरवर. मी तिची पिशवी घेऊन मागून पळाले. एक शिट्टी वाजली की मामा थांबे, दोन वाजल्या की वळे. सकाळी फिरायला निघालेली माणसं बाजूला होऊन वाट देत होती. चढावर मामाचा शर्ट पाठीला चिकटला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"मामी, अगं टॅक्सी मिळते की!" मी म्हणाले.

"मिळते ना," शिट्टी काढून मामी म्हणाली. "पण अडॅप्टर टॅक्सीवाल्याने नव्हता लावला."